नोंद कोण वाचतं?

फोन हातात घ्या आणि आधी एक अ‍ॅप काढून टाका. कॅलरी मोजणारं.

खाण्याच्या विकारावर उपचार घेताना मोबाइलचा काय उपयोग होईल, असं विचारणाऱ्याला मी सुरुवातीला हेच सांगते. नवं अ‍ॅप कोणतं घ्यायचं ते मागाहून बघू. प्रत्येक घास आकड्यात बसवायचा आणि रात्री झोपताना ‘आज मर्यादा ओलांडली’ हे वाचायचं, हा नेम ज्याच्या फोनमध्ये चालू आहे त्याचा आजार त्यावरच पोसला जातो. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी खाण्याचा विकार असलेल्या १०५ जणांना ‘मायफिटनेसपाल’ या कॅलरी मोजणाऱ्या अ‍ॅपबद्दल विचारलं. जवळपास पाऊण लोकांनी ते वापरलेलं होतं, आणि वापरणाऱ्यांपैकी ७३ टक्के जणांना वाटत होतं की आपल्या आजारात या अ‍ॅपने भर घातली. अ‍ॅपमुळेच आजार झाला असं यातून सिद्ध होत नाही. आजार आधी आणि अ‍ॅप नंतर, असंही असू शकतं. पण ज्याला आकड्यांचा चटका आधीच लागलेला आहे, त्याने आकड्यांची मशीन खिशात घेऊन फिरू नये, एवढं समजायला संशोधनाची गरज नाही.

त्याच बैठकीत पावलं मोजणारं, उपवासाचे तास मोजणारं आणि घड्याळातलं ‘किती जळलं’ दाखवणारं, हेही बंद करा. काही फोनमध्ये पावलं मोजायची सोय आधीपासूनच भरलेली असते; ती काढता येत नसेल तर निदान तिच्या सूचना थांबवा. एक अपवाद मात्र आहे. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांना खाण्यातल्या कर्बोदकांचा हिशेब ठेवावाच लागतो. त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही काढू नये; आणि वजनाच्या भीतीने इन्सुलिनचा डोस चुकवला जात असेल तर ते डॉक्टरांना त्याच दिवशी सांगावं, कारण ती गोष्ट जिवावर बेतते.

आता, खाण्याचा विकार म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे हे शब्द अजून घरात शिरलेले नाहीत. ‘खात नाही’, ‘नखरे आहेत’, ‘हिला पित्त होतं’, ‘त्याचं तोंड सतत चालू असतं’ एवढ्यावर विषय मिटतो. अ‍ॅनोरेक्सियात माणूस खाणं तोडत जातो, अंगावर काही उरत नाही, तरी आरशात त्याला स्वतःचं शरीर जाडच दिसतं. बुलिमियात थोड्या वेळात भरमसाट खाल्लं जातं, हात आवरत नाही, आणि मग ते ‘फेडण्या’साठी उलटी, जुलाबाची औषधं, दिवसभर उपाशी राहणं किंवा अंग मोडेपर्यंत व्यायाम. लंडनच्या जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. बुलिमिया झालेल्या बऱ्याच जणांचं वजन चारचौघांसारखंच असतं, म्हणून घरच्यांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. तिसरा बिंज ईटिंगचा विकार: खाण्याचे झटके तसेच, पण नंतरची फेडाफेड नाही, नुसती लाज. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत त्याला स्वतंत्र आजाराची जागा २०१३ मध्ये मिळाली. हे तिन्ही मुलग्यांनाही होतात. जिममध्ये दंड मोजणारा, प्रोटीनच्या डब्याशिवाय घराबाहेर न पडणारा आणि लग्नात पंगतीला न बसणारा मुलगा ‘फिटनेसवाला’ म्हणून कौतुकाचा धनी होतो, एवढाच फरक.

मुंबईच्या भांडुपमध्ये, म्हणजे पश्चिमेच्या डोंगरावर हनुमान टेकडी, टेंभीपाडा, तुळशेतपाडा भागात, दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात. तिथे आजार लपवायला जागा नाही असं आपल्याला वाटतं. तो लपतो. ‘कॉलेजातच खाल्लं’, ‘आज गुरुवार आहे’, ‘पोट बरं नाही’ ही तीन वाक्यं आलटून पालटून वापरली की आठवडा निघून जातो. आई शेवटी जेवायला बसते, त्यामुळे तिने काय खाल्लं, खाल्लं की नाही, हे तर कुणी बघतच नाही. खाण्याचा विकार आयांनाही होतो.

वही आधीची, फोन नंतरचा

या आजारांवर, विशेषतः बुलिमिया आणि बिंज ईटिंगवर, ज्या मानसोपचाराला सर्वांत भक्कम आधार आहे तो म्हणजे वर्तन आणि विचार यांवर काम करणारी सीबीटी. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी ती खाण्याच्या विकारांसाठी बेतून घेतली. वजन फार उतरलेलं नसेल तर साधारण वीस आठवड्यांत वीस बैठका. फार उतरलेलं असेल तर त्याच्या दुप्पट. तिच्या मुळाशी दोन साध्या गोष्टी आहेत. एक, खाल्ल्याबरोबर नोंद करायची. दोन, ठरावीक वेळी खायचं: तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं काही, आणि जागेपणी दोन खाण्यांमध्ये चार तासांहून जास्त अंतर नाही. भूक लागली म्हणून नव्हे, वेळ झाली म्हणून. औषधाच्या गोळीसारखं. उपाशी राहिल्याने झटका येतो आणि झटका आला की पुन्हा उपाशी राहायचं, हे चक्र त्या वेळांमुळे तुटतं.

फेअरबर्न यांची नोंदीची पद्धत कागदावरची आहे. वेळ, काय खाल्लं, कुठे, जास्त झालं असं वाटलं तर पुढे चांदणी, उलटी वगैरे झाली असेल तर तिची खूण, आणि शेवटी रुंद रकाना: त्या वेळी काय चाललं होतं, मनात काय आलं. कॅलरीचा रकाना नाही. खाण्याच्या विकारांसाठी केलेली अ‍ॅप्स म्हणजे हीच वही, फोनमध्ये आलेली. त्यांतलं ‘रिकव्हरी रेकॉर्ड’ बरंच जुनं आणि बाहेरदेशी बरंच वापरलेलं आहे. त्यात जेवण, मूड, भूक, मनात उठलेली ऊर्मी लिहिता येते आणि थेरपिस्ट आपल्या बाजूने ते पाहू शकतो. फोनचे फायदे उघड आहेत. तो कायम हातात असतो, लोकलमध्ये कुणी मान वळवून विचारत नाही की काय लिहितेस, आणि वेळ झाली की तो आठवण करतो.

समजा, टेंभीपाड्यातली एक मुलगी मुलुंडच्या कॉलेजला जाते. तिची एक नोंद अशी असू शकते: ‘दुपारी १.४०. डबा. चपाती, भेंडी. कॉलेजचा जिना. एकटी. भूक होती. चांदणी. नेहा म्हणाली, डाएट सोडलंस का?’ नेहा ही अर्थातच कल्पनेतली. भेंडीशी थेरपिस्टला फारसं देणंघेणं नाही. चांदणी आणि नेहाचं वाक्य शेजारी शेजारी आलं, हे मोलाचं. साधा डबा ‘जास्त’ कधी वाटला, तर कुणी टोकल्यावर. रात्री आठवून लिहिलं असतं तर ‘दुपारी खूप खाल्लं’ एवढंच उरलं असतं आणि नेहा गळून गेली असती. म्हणून नोंद तेव्हाच्या तेव्हा करायची. संध्याकाळी बसून दिवसभराचं भरून काढायचं नाही. राहिली तर ‘राहिली’ असं लिहायचं.

अ‍ॅप निवडताना एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती मी सांगते. त्यात मोकळं लिहिता आलं पाहिजे. भांडुपच्या निम्म्या घरांची चूल कोकणातून आलेली. घावणे, कुळथाची पिठी, सुकटीचं कालवण हे कुठल्याच परदेशी यादीत सापडणार नाही, आणि यादीत सापडत नाही म्हणून लोक ‘पॅनकेक’ निवडून मोकळे होतात. नोंद खोटी झाली की तिचा उपयोग संपला. मराठी कीबोर्ड टाका, हाताला जड जात असेल तर बोलून लिहा. आठवणीच्या वेळाही बदलून घ्या. तयार मिळणाऱ्या वेळा ज्यांनी अ‍ॅप केलं त्यांच्या असतात. आपलं रात्रीचं जेवण साडेनऊला होतं आणि सकाळी पावणेआठच्या गर्दीत उभं राहून केळंही सोलता येत नाही. तुमच्या दिवसाचं वेळापत्रक थेरपिस्टबरोबर बसून ठरवा, मग ते फोनमध्ये घाला.

ज्यांना हे सगळं फोनमध्ये नको वाटतं त्यांनी दहा रुपयांची छोटी वही घ्यावी. अजिबात कमी प्रतीचं काम होत नाही.

पलीकडे माणूस हवं

अ‍ॅपने किती फरक पडतो? याची चाचणी झालेली आहे. न्यूयॉर्कच्या टॉम हिल्डेब्रांट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ६६ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. सगळ्यांना १२ आठवड्यांत आठ मार्गदर्शन-बैठका मिळाल्या. निम्म्यांना त्याबरोबर नोंदीचं अ‍ॅपही. अ‍ॅपवाल्यांनी जेवणाच्या वेळा जास्त पाळल्या आणि त्यांचे खाण्याचे झटके जास्त कमी झाले. सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत मात्र दोन गटांतला फरक ठामपणे सांगण्याजोगा राहिला नाही. २०२० मध्ये याच चमूने २२५ जणांवर मोठी चाचणी केली. तिथेही अ‍ॅप एकटं नव्हतं. फोनवरून बोलणारा प्रशिक्षित मार्गदर्शक सोबत होता, आणि नेहमीच्या उपचारांपेक्षा या जोडीचा निकाल चांगला आला. गंमत म्हणजे हे अ‍ॅप वजन कमी करायचा कार्यक्रम विकणाऱ्या कंपनीनेच बनवलेलं होतं. वही तीच असते. ती कोणत्या हेतूने भरली जाते आणि कोण वाचतं, यावर सगळं ठरतं.

माणूस काढून टाकलं की काय होतं, याचंही उदाहरण आहे. अमेरिकेतल्या खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये आपली हेल्पलाइन बंद करायचं ठरवलं. तिच्याकडे ‘टेसा’ नावाचा बोलणारा चॅटबॉट होता. त्याने मदत मागायला आलेल्यांना वजन कमी करण्याचे सल्ले दिल्याचं उघड झालं आणि मे महिन्याच्या अखेरीस तो थांबवावा लागला. आज आपण सगळेच काहीबाही एआयला विचारतो. ‘मला आठवड्यात बारीक व्हायचंय, काय खाऊ?’ असं विचारलं की तो उत्तर देईल; विचारणारा उपाशी आहे की आजारी, हे समोर बसलेल्या माणसाइतकं त्याला कळत नाही. खाण्याचा विकार असेल तर आहाराचा प्रश्न यंत्राला विचारायचा नाही, हा नियम घरात करून टाका.

तर मग माणूस शोधायचं कुठे? भांडुपकराला दोन्ही दिशांना गाडी आहे. ठाण्याकडे तीन स्टेशनं गेलं की प्रादेशिक मनोरुग्णालय, १९०१ पासूनचं. नाव ऐकूनच आपले लोक दचकतात, पण तिथे बाह्यरुग्ण विभागही चालतो. शहराकडे गेलं तर शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय आणि परळचं केईएम. दोन्ही महापालिकेची, दोन्हीकडे मानसोपचार विभाग. खासगीत जायचं तर मानसोपचारतज्ज्ञाची वैद्यकीय नोंदणी आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारा. विचारल्यावर चांगला माणूस रागावत नाही. ‘खाण्याच्या विकाराचे रुग्ण तुम्ही बघता का?’ हा पुढचा प्रश्न. बघत नसतील तर कुणाकडे जाऊ, हेही त्यांनाच विचारा. यातलं काहीच जमत नसेल, किंवा तोंडातून शब्दच फुटत नसेल, तर १४४१६ हा ‘टेली मानस’चा क्रमांक फिरवा. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा रात्रंदिवस, फुकट आणि मराठीतही बोलते. २०२४ मध्ये तिचं अ‍ॅपही आलं. ते जेवणाची वही नव्हे, दार आहे.

पैशाचं थोडं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारासारखंच मानसिक आजारालाही संरक्षण द्यायला सांगितलं आहे. तुमच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण उपचारांचं काय लिहिलंय ते मात्र वाचून घ्या.

सरकारी ओपीडीत जाणाऱ्यांसाठी खास सूचना: डॉक्टर तुमचा फोन हातात घेऊन चौदा दिवसांच्या नोंदी चाळत बसतील अशी आशा धरू नका. बाहेर पन्नास माणसं थांबलेली असतात. आदल्या रात्री अर्ध्या कागदावर चार ओळी लिहा. किती दिवस वेळा पाळल्या, झटके किती आले, बहुतेक कधी आले, आणि सर्वांत अवघड नोंद कोणती. अ‍ॅप या कागदासाठी कच्चा माल पुरवतं. पहिल्या भेटीतच विचारून ठेवा: मी अ‍ॅपमध्ये नोंदी ठेवल्या तर तुम्ही त्या कशा बघाल, किती दिवसांनी बघाल, आणि रात्री अकराला मी काही भयंकर लिहिलं तर ते तुमच्यापर्यंत लगेच पोचतं असं समजायचं का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘नाही’ असतं. ते आधी माहीत असलेलं बरं.

वजनही थेरपीच्या खोलीतच, आठवड्यातून एकदा, थेरपिस्टसमोर बघायचं अशी या पद्धतीची शिस्त आहे. घरातला काटा माळ्यावर टाका, वजनाचं अ‍ॅप काढा. एक काळ स्टेशनवरच्या लुकलुकत्या मशीनवर नाणं टाकून आपण वजनाबरोबर भविष्याचंही तिकीट घ्यायचो. भविष्य खोटं निघालं तरी कुणी मनाला लावून घेत नसे. वजनाचं तसं नव्हतं.

उपवास आणि ‘दोन वेळा’

आपल्याकडच्या थेरपीत हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र. अ‍ॅप दुपारी एकला विचारणार, ‘जेवलीस?’, आणि उत्तर तयार असतं: उपास आहे. हा उपास देवासाठी आहे की आजारासाठी, हे बाहेरून ओळखू येत नाही. कधी कधी तिचं तिलाही नाही. एक कसोटी उपयोगी पडते. आजारपणामुळे डॉक्टरांनी उपास मोडायला सांगितला तर हायसं वाटतं, की घबराट होते? घबराट झाली तर ती नोंदीत लिहा. आजारी माणसाला, गरोदर बाईला, औषध चालू असणाऱ्याला उपासातून सूट देण्याची रीत आपल्या घरांत आधीपासूनच आहे. आजी ती सूट मधुमेहाला देते. या आजारालाही मिळायला हवी, आणि ते आजीला घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने सांगावं, आजारी मुलीने नव्हे. अगदीच सोडवत नसेल तर थेरपिस्टशी बोलून वेळा तशाच ठेवा आणि त्या त्या वेळेला उपासाचं खा. नोंद मात्र चुकवायची नाही.

दिवसातून दोनदाच खायचं, ही डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे महाराष्ट्रभर पोचलेली पद्धतही इथे अडचण करते. ती कुणाला मानवते, कुणाला नाही, हा वाद इथे नको. पण बुलिमियाच्या उपचारातला नियमित खाण्याचा नियम तिच्या नेमका उलट आहे, तेव्हा दोन्ही एकदम चालणार नाहीत. घरात बाबा ती पद्धत पाळत असतील तर मुलाच्या पाच वेळा खाण्यावर ‘आमच्या वेळी’ सुरू करू नये.

फोन कुणाचा, नजर कुणाची

छोट्या घरात फोन खासगी नसतो. भाऊ गेम खेळायला घेतो, आई व्हिडिओ कॉल लावायला. अशा वेळी पडद्यावर अचानक ‘आज उलटी केलीस का?’ अशी सूचना झळकली तर काय होईल, याचा विचार अ‍ॅप घेतल्या दिवशीच करा. लॉक असताना सूचनांचा मजकूर दिसणार नाही अशी सोय सेटिंगमध्ये असते, अ‍ॅपला वेगळं कुलूपही लावता येतं. जेवणाचे फोटो काढणार असाल तर ते गॅलरीत जातात का, आणि तिथून घरच्यांनी मिळून वापरलेल्या खात्यावर आपोआप चढतात का, हे तपासा. ताटांचे चाळीस फोटो मामाच्या फोनवर उगवलेले कुणालाच नको असतात.

माहिती बाहेर जाण्याचा धोका निव्वळ घरापुरता नाही. अमेरिकेत ऑनलाइन समुपदेशन विकणाऱ्या ‘बेटरहेल्प’ कंपनीने लोकांची आरोग्याशी संबंधित माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा ठपका तिथल्या व्यापार आयोगाने ठेवला, आणि २०२३ मध्ये तिला ७८ लाख डॉलर मोजावे लागले. आपल्याकडेही २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठराखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती हवी, असं तो सांगतो. व्यवहारात एवढं करा. अ‍ॅपने ठिकाण, संपर्क, मायक्रोफोन मागितले तर ‘नाही’ म्हणा. खरं नाव द्यायची सक्ती नसेल तर देऊ नका. खातं पूर्ण पुसता येतं का, ते आधी बघा. आणि जे अ‍ॅप जेवणाच्या नोंदीशेजारी वजन घटवायची जाहिरात दाखवतं, ते त्या क्षणी काढा.

आणखी एक नोंदवही फोनमध्ये न विचारता तयार होत असते: यूपीआयचा हिशेब. दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या अ‍ॅप्समुळे रात्री एकचा झटका आता दारापर्यंत येतो. त्या ऑर्डरींच्या वेळा थेरपिस्टला दाखवल्या तर झटक्यांचा आराखडा अचूक कळतो. लाज वाटेल. तरी दाखवा. मग ती अ‍ॅप्स काढायची, पैसे भरण्याची सोय काढायची की नुसती रात्रीची बंद करायची, ते दोघांनी मिळून ठरवा.

घरच्यांसाठी. मुलीच्या नोंदी चोरून वाचू नका. एकदा सापडलात की पुढच्या सगळ्या नोंदी तुमच्यासाठी लिहिल्या जातील, थेरपिस्टसाठी नाही. सज्ञान व्यक्ती असेल तर काय दाखवायचं हे तिने ठरवावं. लहान मुलांचं गणित वेगळं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला अ‍ॅनोरेक्सिया असेल तर घरच्यांना केंद्रस्थानी ठेवणारी उपचारपद्धत जास्त वापरली जाते. तीत सुरुवातीला काय आणि किती वाढायचं याची सूत्रं आईवडिलांच्या हाती असतात. तिथे मुलीच्या हातात नोंदीचं अ‍ॅप देऊन ‘तूच सांभाळ’ म्हणणं म्हणजे आजारावरच घर सोपवणं. अशा वेळी वही आईबाबांनी ठेवायची, आणि जेवताना शेजारी बसायचं. ‘बारीक झालीस’, ‘आता जरा भरलीस’, ‘स्थळं येतील आता’ ही तिन्ही वाक्यं, कौतुकाचीसुद्धा, गणपतीत येणाऱ्या पाहुण्यांना आधीच फोन करून बंद करवून घ्या.

अ‍ॅप स्वतःच आजाराचं हत्यार झालंय, हे कसं ओळखाल? नोंद करायला मिळणार नाही म्हणून जेवण टाळलं जातं. जुने फोटो काढून ‘तेव्हा किती कमी खायचे’ याची तुलना चालते. लागोपाठ इतके दिवस पाळले, या साखळीपायी खोटी नोंद पडते. अ‍ॅपमधल्या अनोळखी मंडळींशी कोण किती कमी खातो याची चढाओढ लागते. यातलं एकही दिसलं तर थेरपिस्टला सांगा आणि आठवडाभर कागदावर या.

आणि काही वेळा कुठलीच वही कामाची नसते. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड, हातापायांत गोळे आणि कमालीचा अशक्तपणा, उलटीत रक्त, पाणीही न पिणं, वजन झपाट्याने उतरणं, जीव द्यावासा वाटणं. वारंवार उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. वरून माणूस ठीक दिसतो. सरळ रुग्णालय गाठा, किंवा १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा. रक्ततपासणी आणि ईसीजी मागून घ्या, नुसतं सलाइन लावून घरी परतू नका. फार दिवस उपाशी राहिलेल्याला मायेपोटी एकदम भरपेट जेवू घालणंही धोक्याचं. रक्तातले क्षार अचानक कोसळतात. खाणं कसं वाढवायचं ते डॉक्टर सांगतील तसंच.

बैठकीच्या दिवशी शीवला जाणार असाल तर भांडुपहून धीमी गाडी धरा. जागा मिळाली तर कांजूर, विक्रोळीपर्यंत आठवड्याच्या नोंदी पुन्हा वाचा आणि तीनच निवडा. एक अवघड गेलेली, एक बरी गेलेली, एक न समजलेली. घाटकोपरला गर्दी चढली की फोन आत ठेवा. कुर्ला जाईपर्यंत पहिलं वाक्य मनात जुळवा. चांगल्या नोंदीपासून सुरुवात करायचा मोह होईल. ‘बुधवारी रात्री मी काहीच लिहिलं नाही,’ असं म्हणून सुरुवात करा.